न उघडलेला पूल : ‘श्री अयुथया’ या थाई युद्धनौकेचे प्रकरण

प्रकरणाची ओळख

थायलंडच्या नौदलाची ध्वजनौका ‘श्री अयुथया’ ही किनाऱ्याच्या संरक्षणासाठी बांधलेली युद्धनौका होती. परकीय आरमाराला सयामच्या आखातात शिरू न देणे हे तिचे नेमलेले काम होते. प्रत्यक्षात 30 जून 1951 रोजी बँकॉकच्या मध्यभागी, चाओ फ्राया नदीच्या पात्रात, स्वदेशाच्याच वायुदलाने तिच्यावर बॉम्ब टाकले आणि 1 जुलैच्या रात्री ती बुडाली. बॉम्ब पडले त्या वेळी देशाचे पंतप्रधान ओलीस म्हणून तिच्यावरच होते.

नौदलातील काही अधिकाऱ्यांनी सरकारविरुद्ध केलेले हे बंड ‘मॅनहॅटन बंड’ या नावाने ओळखले जाते आणि थायलंडच्या राजकीय इतिहासात त्यावर बरेच लिहिले गेले आहे. प्रस्तुत टिपणाचा हेतू त्या राजकारणाचा निवाडा करण्याचा नाही. एका नौकेची सेवा कशी सुरू झाली, ती कोणत्या निर्णयांमुळे अशा जागी येऊन अडकली आणि त्या दोन दिवसांत निरनिराळ्या लोकांपुढे कोणते मार्ग खुले होते, एवढेच येथे पाहायचे आहे. सार्वजनिक पदांवरील व्यक्तींची नावे दिली आहेत. बंडातील कनिष्ठ अधिकाऱ्यांचा आणि नौसैनिकांचा उल्लेख हुद्द्याने केला आहे.

पार्श्वभूमी : नौका आणि तिचे पाणी

1930 च्या दशकाच्या मध्यावर सयामने (देशाचे नाव ‘थायलंड’ झाले ते 1939 मध्ये) आपल्या नौदलाची मोठी वाढ हाती घेतली. पाणतीर (टॉर्पेडो) सोडणाऱ्या वेगवान नौका इटलीत बांधून घेतल्या गेल्या, चार पाणबुड्या आणि दोन किनारा-संरक्षक युद्धनौका जपानकडून घेतल्या गेल्या. या दोन युद्धनौका कोबे येथील कावासाकीच्या गोदीत बांधल्या गेल्या. ‘श्री अयुथया’चे जलावतरण 21 जुलै 1937 रोजी झाले आणि तिची धाकटी बहीण ‘थोनबुरी’ 31 जानेवारी 1938 रोजी पाण्यात उतरली.

मराठी वाचकाला ही नावे परकी वाटण्याचे कारण नाही. अयुथया म्हणजे अयोध्या आणि थोनबुरी म्हणजे धनपुरी. दोन्ही बँकॉकआधीच्या राजधान्या. या प्रकरणात पुढे येणारी माणसेही अशाच नावांची आहेत. पंतप्रधान फिबून सोंगक्राम यांची पदवी मुळात ‘विपुलसंग्राम’ आहे, तर नौदलप्रमुख सिंधू सोंगक्रामचाय यांच्या पदवीत सिंधू, संग्राम आणि जय हे तिन्ही शब्द आहेत. उच्चाराने ही नावे आपल्यापासून दूर गेली, लिपीने मात्र तितकी गेलेली नाहीत.

नौकेची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचे प्रकरण कळणार नाही. तिची लांबी सुमारे 77 मीटर आणि वजन 2,265 टन होते, म्हणजे त्या काळच्या एखाद्या मोठ्या विनाशिकेपेक्षा ती फारशी मोठी नव्हती. एवढ्याशा देहावर मात्र 203 मिलिमीटर व्यासाच्या चार तोफा होत्या. पुढे एक आणि मागे एक अशा दोन बुरुजांत त्या जोडीजोडीने बसवलेल्या होत्या. अशा तोफा एरवी दहा हजार टनी क्रूझरवर असत. याची किंमत वेगात मोजावी लागली. डिझेल यंत्रांवर ती ताशी जेमतेम साडेपंधरा सागरी मैल जाई आणि तिचे चिलखतही बेताचेच होते. पाण्यात ती चार मीटरांहून थोडीच अधिक खोल बसे, आणि हे मुद्दाम साधलेले होते, कारण सयामचे आखात उथळ आहे आणि चाओ फ्रायाच्या मुखाशी गाळाचा बांध साचतो. मोठ्या शत्रुनौका जिथे येऊ धजणार नाहीत अशा उथळ पाण्यात उभे राहून लांबवर मारा करायचा, असा हा सगळा हिशेब होता.

थोडक्यात, ही चालती-फिरती नौका म्हणण्यापेक्षा तरंगता किनारी बुरूज होता. त्याला समोर मोकळे पाणी आणि लांबचे लक्ष्य लागे. या दोन गोष्टी नसतील तर त्या चार तोफांचा उपयोग शून्य, आणि मंद गती व अपुरे चिलखत हे दोष मात्र तसेच शिल्लक. 1951 मध्ये नेमके हेच घडले.

बहिणीचा अनुभव

या रचनेची खरी परीक्षा ‘थोनबुरी’च्या वाट्याला आली. फ्रेंच इंडोचायनाशी चाललेल्या संघर्षात 17 जानेवारी 1941 च्या पहाटे कोह चांग बेटाजवळ फ्रेंच क्रूझर ‘लामोत-पिके’ आणि तिच्या सोबतच्या चार लहान नौकांनी थाई नौकांना गाठले. ‘सोंगख्ला’ आणि ‘चोनबुरी’ या पाणतीर-नौका लवकरच बुडाल्या. ‘थोनबुरी’ने लढत दिली, परंतु तिच्या नियंत्रण-मनोऱ्यावर गोळा लागून तिचे कप्तान ठार झाले, नौकेला आग लागली आणि बुरूज काही काळ अडकले. ती उथळ पाण्याकडे सरकली, तेव्हा फ्रेंच क्रूझर तळ लागण्याच्या भीतीने मागे फिरली. म्हणजे रचनाकारांचा हिशेब निदान तेवढ्यापुरता खरा ठरला. त्यानंतर मात्र मदतीला आलेल्या थाई विमानाने ओळखण्यात चूक करून तिच्यावरच बॉम्ब टाकला आणि तिच्यावरील काही नौसैनिक त्यात मारले गेले. तिला ओढत लाएम न्गोपच्या उथळ किनाऱ्याशी नेण्यात आले आणि तेथे ती त्याच दिवशी कलंडली.

या लढाईत ‘श्री अयुथया’ नव्हती. पुढे महायुद्धाच्या वर्षांतही तिच्या वाट्याला अशी मोठी लढाई आली नाही आणि युद्ध संपले तेव्हा थाई नौदलापाशी या जातीची हीच एक धडधाकट नौका उरली होती. ती ध्वजनौका होती, नौदलाच्या मानाची खूण होती. दोघी बहिणींवर दहा वर्षांच्या अंतराने आपल्याच विमानांचे बॉम्ब पडले, हा योग विलक्षण खरा. पण पहिल्या वेळी ती चूक होती आणि दुसऱ्या वेळी तो विचारपूर्वक दिलेला हुकूम होता, एवढा फरक विसरता येणार नाही.

सेनादलांतील दुरावा

1932 च्या क्रांतीने राजसत्तेला घटनेचे बंधन घातले, त्यात भूदलाचे आणि नौदलाचे अधिकारी खांद्याला खांदा लावून होते. पुढे मात्र या दोन दलांचे रस्ते वेगळे झाले. युद्धकाळात फिबून जपानच्या बाजूला राहिले, तर 1932 च्या क्रांतीतील नागरी नेते प्रिदी बनोम्यॉंग यांनी जपानविरोधी भूमिगत चळवळीची बाजू सांभाळली, आणि नौदलातील बऱ्याच अधिकाऱ्यांचा ओढा प्रिदींकडे राहिला. नोव्हेंबर 1947 मध्ये भूदलाने सत्ता उलथवली आणि 1948 मध्ये फिबून पुन्हा पंतप्रधान झाले. फेब्रुवारी 1949 मध्ये प्रिदींच्या समर्थकांनी केलेल्या ‘राजवाडा बंडा’त नौदलाच्या मरीन (किनाऱ्यावर उतरून लढणाऱ्या) सैनिकांची भूदलाशी बँकॉकच्या रस्त्यांवर चकमक झाली. ते बंड फसले, पण त्यामागचा राग विझला नाही. भूदलाला पैसा, अमेरिकी शस्त्रे आणि सत्ता मिळत होती, पोलीस दलही फुगत होते, आणि नौदल दिवसेंदिवस बाजूला पडत होते. राजे भूमिबोल त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये होते, त्यामुळे वाद मिटवू शकेल असा सर्वमान्य मध्यस्थही राजधानीत नव्हता.

समस्या

29 जून 1951 रोजी दुपारी राजवाड्याजवळच्या राजवरदिष्ठ धक्क्यावर एक समारंभ होता. अमेरिकेने मदत म्हणून दिलेले ‘मॅनहॅटन’ नावाचे गाळ उपसणारे जहाज थायलंडच्या स्वाधीन व्हायचे होते. पंतप्रधान हजर होते आणि परदेशी मुत्सद्दीही होते. पंतप्रधान जहाज पाहत असताना नौदलाच्या एका कनिष्ठ अधिकाऱ्याने सशस्त्र नौसैनिकांसह त्यांना बंदुकीच्या धाकावर ताब्यात घेतले, नौदलाच्या बोटीत बसवले आणि ‘श्री अयुथया’वर नेले. गाळ काढण्यासाठी आलेल्या जहाजाच्या नावावरून बंडाचे नाव पडावे, ही इतिहासाची थट्टाच म्हणायची.

पंतप्रधानांना पकडणे हा बेताचा पहिला भाग होता आणि तो अनपेक्षित सफाईने पार पडला. दुसरा भाग नौका नदीतून खाली, समुद्राकडे नेण्याचा होता. तेथे तिच्या तोफांपुढे मोकळे पाणी असते, सत्ताहिपचा नौदल तळ आवाक्यात आला असता आणि सरकारला ओलिसापर्यंत सहजी पोहोचता आले नसते.

या वाटेवर मेमोरियल पूल होता. चक्री घराण्याच्या राजवटीला दीडशे वर्षे झाली तेव्हा, 1932 मध्ये, तो वाहतुकीला खुला झाला होता. त्याचा मधला भाग वर उचलला जाई आणि मोठी जहाजे खालून जात. त्या काळी राजवाड्याच्या धक्क्यापासून समुद्रापर्यंत नदीवर आडवा येणारा हा एकच पूल होता. नौदलाचे मुख्यालय पुलाच्या वरच्या अंगाला होते, म्हणजे मुख्यालयासमोर आलेली प्रत्येक मोठी नौका पूल उघडला तरच बाहेर पडू शकत असे.

त्या दिवशी पूल उघडला नाही.

सगळ्या प्रकरणाची गाठ येथे पडली. बंडवाल्यांकडे देशाचा पंतप्रधान होता, देशातली सर्वांत अवजड तोफा असलेली नौका होती, आणि ती नौका दोन-अडीचशे मीटर रुंदीच्या नदीत, दाट वस्तीच्या दोन काठांच्या मध्ये कोंडली गेली होती. एका काठावर राजवाडा, दुसऱ्या काठावर वात अरुणचे देऊळ. 203 मिलिमीटरच्या तोफा तेथे डागायच्या म्हटल्या तरी कोणावर डागणार? उलट नदीच्या काठावरून साध्या उखळी तोफांनी आणि यंत्रबंदुकांनी तिला गाठता येत होते.

विचारात घेतलेले आणि न घेतलेले पर्याय

येथे तीन पक्षांचे निर्णय वेगवेगळे पाहिले पाहिजेत.

बंडवाल्यांपुढे पूल बंद असल्याचे कळल्यावर तीन वाटा होत्या. ओलिसाला नौकेवरच ठेवून वाटाघाटी करायच्या. त्याला उतरवून लहान, वेगवान बोटीतून पुलाखालून समुद्राकडे न्यायचे. किंवा नौदलाच्या किनाऱ्यावरील एखाद्या ठिकाणी हलवायचे. त्यांनी पहिली वाट धरली. नौका ही त्यांच्या लेखी सुरक्षित जागा होती, आणि ध्वजनौकेवर कोणी मारा करणार नाही, पंतप्रधान आत असताना तर नाहीच, असा त्यांचा कयास असावा. ओलिसाच्या आवाजातील निवेदन नभोवाणीवरून ऐकवले गेले. बंडाचे यश आता एकाच गोष्टीवर अवलंबून राहिले : नौदलाचे बाकीचे विभाग, आणि शक्य झाले तर इतर दलांतील असंतुष्ट अधिकारी, बंडात उतरतात की नाही.

अशी साथ त्यांना पुरेशी मिळाली नाही. बेत थोड्या अधिकाऱ्यांपुरता मर्यादित होता. गुप्तता राखण्यासाठी ते आवश्यकच होते, परंतु त्यामुळे नौदलातल्या बहुसंख्य अधिकाऱ्यांना बंडाची बातमी जनतेबरोबरच कळली.

दुसरा पक्ष नौदलप्रमुखांचा. अ‍ॅडमिरल सिंधू हे स्वतः 1932 च्या क्रांतीतील एक सहभागी आणि नौदलाचे दीर्घकाळचे प्रमुख होते. बंडाची आखणी त्यांची नव्हती. त्यांनी बंडाला उघड पाठिंबा दिला नाही. पण ध्वजनौका आपल्याच दलातील मूठभर अधिकाऱ्यांच्या हाती असताना तिला परत ताब्यात घेण्याइतकी तातडीही त्यांच्या बाजूने दिसली नाही. आपल्या माणसांवर हत्यार उचलायचे की सरकारला शत्रू करायचे, अशा कात्रीत सापडलेल्या प्रमुखाने वाटाघाटीची वाट धरणे समजण्यासारखे आहे. अडचण अशी होती की पहिल्या रात्रीचे तास त्या वाटेत गेले आणि समोरच्या पक्षाने संपूर्ण नौदलालाच बंडखोर धरायला सुरुवात केली.

तिसरा पक्ष सरकारचा. पंतप्रधान नसताना मंत्रिमंडळाचा कारभार वोराकान बांचा यांनी हाती घेतला. भूदलाचे फिन चून्हवन, बँकॉक परिसरातील सैन्याचे सरित थनरत, पोलीस दलाचे फाओ श्रियानोन आणि वायुदलाचे फ्युन रोननभाकात ही प्रत्यक्ष बळ असलेली माणसे होती. त्यांच्यापुढे बोलणी लांबवून बंडवाल्यांना थकवण्याची वाट होती. नौका कोंडलेली, तिला रसद नाही, तिच्या मदतीला कोणी येत नाही. चार दिवस थांबले असते तर नौकेवरील माणसांनाच ओलीस सोडण्यावाचून गत्यंतर उरले नसते, असे आज म्हणता येते. दुसरी वाट ताबडतोब बळ वापरण्याची होती. थांबण्यातला धोकाही खरा होता, कारण थांबलेल्या प्रत्येक तासात सत्ताहिपहून नौदलाची कुमक येण्याची आणि डळमळीत अधिकाऱ्यांनी बाजू बदलण्याची शक्यता होती. पंतप्रधान नसले तरी सरकार आहे, हे दाखवण्याची निकडही होती.

त्यांनी बळाचा मार्ग घेतला. यामागे एक अव्यक्त गणित असावे असे मला वाटते : 1951 पर्यंत फिबून यांच्याकडे स्वतःच्या हुकमातले सैन्य उरले नव्हते, खरी सत्ता सेनापतींच्या हाती गेली होती, त्यामुळे फिबून यांचा जीव हा त्यांच्या दृष्टीने मोलाचा असला तरी अमोल नव्हता. बंडवाल्यांनी पंतप्रधान पकडला तेव्हा आपण सत्तेचा गळा धरला असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात हाती आली ती सत्तेची खुर्ची. ओलिसाची किंमत धरणाऱ्याने नव्हे, तर समोरच्याने ठरवायची असते, हे त्यांच्या आखणीत कोठेच नव्हते.

कृती : 30 जून

30 जूनच्या पहाटे भूदल व पोलीस एका बाजूला आणि नौदलाच्या तुकड्या दुसऱ्या बाजूला अशी बँकॉकमध्ये उघड लढाई सुरू झाली. ‘श्री अयुथया’ नदीत हालचाल करू पाहत होती, तेव्हा किनाऱ्यावरील माऱ्यात तिचे यंत्र निकामी झाले आणि विजयप्रसित किल्ल्यासमोर ती पात्राच्या मध्यावर उभी राहिली. हा किल्ला नौदल मुख्यालयाच्या आवारातच आहे. म्हणजे नौका आपल्या मुख्यालयाच्या दाराशी होती, आणि तरीही तिला कोणी तेथून काढू शकत नव्हते.

आतापर्यंत ती कोंडलेली होती, तरी निदान हलू शकत होती. यंत्र बंद पडल्यावर तिचे रूपांतर स्थिर लक्ष्यात झाले. काठावरून तोफा आणि उखळी तोफा तिच्यावर मारा करत राहिल्या. दिवस चढल्यावर वायुदलाची टी-6 टेक्सन विमाने आली. ही मुळात वैमानिकांना शिकवण्यासाठीची, एका इंजिनाची विमाने. आरमारी युद्धात त्यांची गणना कोणी केली नसती. परंतु जागचे न हलणाऱ्या आणि चहूबाजूंनी गोळीबार झेलणाऱ्या नौकेवर बॉम्ब टाकायला त्याहून अधिक काही लागत नव्हते. बॉम्बने डेकला भगदाड पडले आणि आत आग पसरली.

नौका सोडण्याचा हुकूम झाला. त्या क्षणी नौकेवरच्या नौसैनिकांनी पंतप्रधानांना डांबून ठेवले नाही किंवा त्यांना इजाही केली नाही. वयाची चोपन्न वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे उरलेले फिबून त्याच नौसैनिकांबरोबर नदीत उतरले आणि पोहून किनाऱ्याला लागले. ते सुखरूप होते. सरकारच्या हवाई हल्ल्याने सरकारचाच प्रमुख ठार झाला असता, आणि तो वाचला तो त्याला ओलीस धरणाऱ्यांच्या बाजूच्या माणसांमुळे, ही वस्तुस्थिती पुढे कोणत्याच पक्षाला मोठ्याने सांगण्यासारखी नव्हती.

ओलीस हातातून सुटल्यावर बंडाचा कणाच मोडला. नौका रात्रभर जळत राहिली आणि 1 जुलैच्या रात्री बुडाली. या लढाईत सैनिकांबरोबरच शहरातले सामान्य नागरिकही मोठ्या संख्येने मारले गेले आणि जखमी झाले. लढाई राजधानीच्या वस्तीत झाली होती, त्यामुळे ते टळण्यासारखे नव्हते.

परिणाम

नौकेपुरते पाहिले तर हिशेब सोपा आहे. तिचा सांगाडा नदीच्या वाहतुकीला अडथळा ठरू लागला, म्हणून तो काढून भंगारात घालण्यात आला आणि 1959 मध्ये नौदलाच्या यादीतून तिचे नाव कमी झाले.

नौदलाला मात्र फार मोठी किंमत मोजावी लागली. अ‍ॅडमिरल सिंधू यांना पदावरून काढून तुरुंगात टाकण्यात आले, बंडाची आखणी त्यांची नसतानाही. बंडाचे काही सूत्रधार तर देशाबाहेर निसटले होते. नौदलाचे हवाई पथक वायुदलाकडे सोपवण्यात आले. मरीन दल मोडण्यात आले आणि ते पुन्हा उभे राहिले ते 1955 मध्ये. बँकॉकमधील नौदलाचे अस्तित्व जाणीवपूर्वक आखडण्यात आले. 30 नोव्हेंबर 1951 रोजी चारही पाणबुड्या सेवेतून काढल्या गेल्या. जपानच्या पराभवानंतर त्यांना सुटे भाग मिळेनासे झाले होते हे एक कारण होतेच, पण नौदलाच्या वतीने त्यांच्यासाठी भांडायला तेव्हा कोणी उरलेही नव्हते. त्यानंतर थायलंडने पाणबुडीसाठी करार केला तो थेट 2017 मध्ये, चीनशी.

पाणबुड्या निवृत्त झाल्या त्याच्या आदल्याच दिवशी, 29 नोव्हेंबर 1951 रोजी, सेनापतींनी नभोवाणीवरून घोषणा करून घटना रद्द केली. फिबून पंतप्रधान राहिले, पण सत्तेचा लगाम आता उघडपणे फाओ आणि सरित यांच्या हाती होता. सप्टेंबर 1957 मध्ये याच सरित यांनी फिबून यांना सत्तेवरून दूर केले. ते देश सोडून गेले आणि 1964 मध्ये जपानमध्ये वारले.

काय वेगळे करता आले असते

घडून गेल्यावर सगळ्यांनाच शहाणपण सुचते, तेव्हा येथे जपूनच लिहिले पाहिजे. तरी काही निर्णयबिंदू असे आहेत, जेथे त्या दिवशी हाताशी असलेल्या माहितीवरही दुसरा निर्णय घेता आला असता.

पहिला बिंदू पुलाचा. नौका पुलाच्या वरच्या अंगाला उभी आहे आणि बाहेर जाण्याचा एकच मार्ग आहे, ही गोष्ट नौदलाच्या अधिकाऱ्याला सांगावी लागत नाही. रोजच्या ये-जा करण्यात ती अंगवळणी पडलेली असते. कदाचित म्हणूनच ती आखणीत गृहीत धरली गेली. इतर दिवशी पूल आपल्यासाठी उघडतो, तेव्हा आजही उघडेल, असे मानले गेले असावे. पूल उघडणारी यंत्रणा आपल्या माणसांच्या हातात आल्याची खात्री होईपर्यंत धक्क्यावर बंदूक काढायलाच नको होती. अथवा ध्वजनौकाच वापरायची होती तर ती आधी पुलाच्या खालच्या अंगाला, समुद्राच्या बाजूस, नेऊन ठेवायची होती आणि ओलिसाला लहान बोटीने तिच्यापर्यंत पोहोचवायचे होते.

दुसरा बिंदू 29 जूनच्या संध्याकाळचा. पूल उघडत नाही हे कळल्यावरही बंडवाल्यांकडे रात्रीचे काही तास होते. त्या वेळात मूळ बेत सोडून देऊन ओलिसाला नौकेवरून हलवणे शक्य होते. ते झाले नाही, कारण नौकेवरचा विश्वास तिच्या आकारावर आणि तोफांवर होता, ती कोठे उभी आहे याच्यावर नव्हता. 1941 मध्ये ‘थोनबुरी’ला उथळ पाण्याने वाचवायला थोडासा हात दिला होता, 1951 मध्ये ‘श्री अयुथया’ला अरुंद पाण्याने बुडवले. दोन्ही नौका एकाच आराखड्याच्या होत्या आणि त्या आराखड्याची अट एकच होती, ती म्हणजे योग्य पाणी.

तिसरा बिंदू नौदलप्रमुखांचा आहे आणि त्याबाबत मत देणे सर्वांत कठीण. पहिल्या दोन-तीन तासांत त्यांनी नभोवाणीवरून बंडाचा स्पष्ट निषेध केला असता आणि मुख्यालयासमोर उभ्या असलेल्या नौकेला नौदलाच्याच बोटींनी वेढले असते, तर कदाचित नौदलाला पुढे झालेली सामूहिक शिक्षा टळली असती. पण दोन वर्षांपूर्वीच्या बंडानंतर ज्या दलाकडे संशयाने पाहिले जात होते, त्याच्या प्रमुखाचा निषेध सरकारने खरा मानला असता का, हाही प्रश्न आहेच.

चौथा बिंदू सरकारचा. कोंडलेल्या नौकेवर हवाई हल्ला करण्याची लष्करी गरज किती होती, हे तपासले तर उत्तर ‘फारशी नाही’ असेच येते. यंत्र बंद पडल्यावर ती कोठेही जाणार नव्हती. बॉम्ब टाकण्याने पंतप्रधानांचा जीव धोक्यात आला आणि देशाची सर्वांत अवजड तोफांची युद्धनौका गेली. परंतु सरकारचा हेतू केवळ ओलिसाला सोडवण्याचा होता असे धरले तरच हा निर्णय चुकीचा ठरतो. नौदलाला राजकारणातून कायमचे बाद करण्याचा हेतूही त्यात मिसळलेला असेल, तर जळती ध्वजनौका राजधानीच्या हजारो लोकांनी काठावरून पाहणे हे त्या हेतूला साजेसेच होते. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, कारण नंतरच्या पाच महिन्यांत नौदलाबाबत घेतलेले सगळे निर्णय त्याच दिशेचे आहेत.

‘थोनबुरी’ कलंडल्यानंतर तिला वर काढण्यात आले होते. लढाऊ नौका म्हणून ती पुन्हा उभी राहिली नाही, पण तिचा पुढचा तोफांचा बुरूज आणि नियंत्रण-मनोरा समुत प्राकान येथील नौदल प्रबोधिनीच्या आवारात स्मारक म्हणून बसवला आहे आणि दरवर्षी 17 जानेवारीला कोह चांगच्या मृतांना मानवंदना दिली जाते. तशाच चार तोफा ‘श्री अयुथया’वरही होत्या.